उष्टे, एंजलु आणि रात्रीचा भात

आपल्याकडे जे उष्टे, ते शेजारच्या कानडी घरात 'एंजलु'. आपले सोवळे ते त्यांची 'मडी'. शब्द निराळे, धाक एकच. या धाकात स्वच्छतेबरोबर जातीचा विटाळही होता, हे लपवू नये. पण उष्ट्याला जपणारी हीच घरे उरलेला भात रात्रभर चुलीपाशी झाकून ठेवतात आणि सकाळी फोडणी देतात! बॅसिलस सेरियस या जंतूची बीजुके भात शिजतानाही तग धरतात. कोमट भातात जंतू वाढतात, आणि त्यांचे ओकारी आणणारे विष फोडणीच्या आचेने नाहीसे होत नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली चिनी उपाहारगृहांतील परतलेल्या भातावरून हे ध्यानात आले. खोलीवर राहणाऱ्यांनी उरलेला भात ताटात पसरून निववावा व तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर रात्री मोजकाच शिजवावा.