तान्ह्या बाळाचा श्वास
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी आरोग्यपाठ)

परभणी जिल्ह्यात कापसाची वेचणी आणि थंडी एकाच सुमारास येतात. आईबाप सकाळीच रानात जातात व तान्ह्या भावंडाजवळ पुष्कळदा शाळेच्या वयाचे मूल उरते. न्यूमोनियाचा धोका याच दिवसांत अधिक असतो. त्याची पहिली खूण ओळखण्यास शंभरपर्यंत मोजता येणे पुरेसे आहे. म्हणून हा पाठ अंकगणिताच्या तासास जोडून घ्यावा.

पूर्वपीठिका : श्वास मोजल्याने जीव वाचतो, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांतील आरोग्यसेवक व सुइणी यांस न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या गावांत उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या बालरुग्णांपैकी शेकडा ०.८ दगावले, तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत हेच प्रमाण शेकडा १३.५ होते. ज्या सुइणींस फार मोजता येत नसे, त्यांच्यासाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले साधे साधन तयार करण्यात आले.

साहित्य : सेकंदकाटा असलेले घड्याळ, फळा, चिंचोके.

पाठाची मांडणी : प्रथम मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने स्वस्थ बसावे, दुसऱ्याने त्याच्या पोटाची हालचाल पाहावी. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास झाला. दर दहा श्वासांस एक चिंचोका बाजूस ठेवावा. मोजणी पूर्ण एक मिनिट करावी. पाव मिनिट मोजून चौपट करू नये. कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. बाळ रडत असता किंवा दूध पीत असता मोजू नये. ते शांत झाल्यावर अंगावरील कपडा वर करून पाहावे.

नंतर पुढील आकडे फळ्यावर लिहावेत. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बालकाचा श्वास मिनिटास इतका वा अधिक असल्यास तो जलद समजावा :

दोन महिन्यांच्या आत – ६०
दोन महिने ते एक वर्ष – ५०
एक ते पाच वर्षे – ४०

दोन महिन्यांच्या आतील बाळाचा आकडा ६० वा अधिक आल्यास पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

धोक्याच्या खुणा : श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध वा पाणी न पिणे, सर्व ओकून टाकणे, झटके येणे, बाळ मलूल पडणे, ओठ निळसर दिसणे. यांपैकी एकही खूण दिसल्यास मोजणीत वेळ न घालविता मोठ्या माणसांस हाक मारावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेंगदाण्यासारखा पदार्थ खाताना एकाएकी ठसका लागून धाप लागली, तरीही असेच करावे.

केवळ श्वास जलद असल्यास आशाताईस कळवावे व त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळास मात्र तत्काळ रुग्णालयात न्यावे. जाताना बाळास ऊब द्यावी व पीत असल्यास आईने थोडेथोडे अंगावर पाजावे. साध्या सर्दीखोकल्यास प्रतिजैविक औषध लागत नाही. घरात उरलेले औषध देऊ नये. पोटावर डागणे, नाकात तेल सोडणे हे प्रकार घातक आहेत. डागल्याने फुप्फुसातील रोग हटत नाही. जखम मात्र वाढते आणि उपचाराचा वेळ जातो.

पालकसभेत सांगावयाचे : पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. चुलीच्या व विडीच्या धुरापासून बाळास दूर ठेवावे. सर्व लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. न्यूमोनियावरील न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते.

प्रश्न :
१. आठ महिन्यांच्या बाळाचा श्वास ५४ भरला. काय करावे?
२. तीन वर्षांच्या मुलास खोकला आहे, श्वास ३० आहे, ते खेळते व जेवते. त्यास प्रतिजैविक द्यावे काय?
३. बाळाचा श्वास ४४ आहे, पण छाती आत ओढली जाते. ते सुखरूप समजावे काय?

तिसऱ्या प्रश्नावर वर्गात विशेष चर्चा घडवावी. आकडा कमी आला तरी धोक्याची खूण दिसल्यास बाळ आजारीच समजावयाचे, हे प्रत्येक मुलाच्या मनावर ठसले पाहिजे.