फळ्यांतून पाणी येतंय?

प्रश्न : रेडिंगजवळ थेम्सवर जुनी लाकडी बोट घेतली. हिवाळाभर जमिनीवर होती. पाण्यात उतरवताच सांध्यांतून पाणी झिरपतंय. लगेच लांबी भरू का?

उत्तर : अजिबात नको. सुकून आकसलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि बहुधा दोनतीन दिवसांत सांधे आपसूक मिटतात. तोवर पंप चालू आणि बॅटरी भरलेली हवी. आत्ता कडक लांबी ठासलीत, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरणार नाही. आतल्या बरगड्या तडकतील. खरी धास्ती पावसाची. डेकमधून ठिबकणारं पाणी लाकूड कुजवतं. डेकखालच्या कोपऱ्यांत सुरीचं टोक टोचून पाहा. लोण्यात जावं तसं घुसलं, तर जुन्या बोटींचा जाणता सुतार गाठा. ताडपत्री घट्ट आवळू नका, आत वारा खेळू द्या. आठवड्यानंतरही पंप थांबत नसेल, तर बोट बाहेर काढा. थांबला, तर जुलैत हेन्लीला जुन्या बोटींच्या मेळ्याला खुशाल जा. व्हार्निशचं नंतर बघू.