मोरचूद काय सांगतं, काय नाही

चि. मुग्धा हिस,


दुधाच्या टाकीचं पॅसिव्हेशन झालं, मोरचुदाची टेस्ट पास झाली, आता रिपोर्टवर सही करू का, असं तू विचारलंस. फोनवर ‘कर’ म्हणून मोकळा झालो असतो, पण सही तुझी जाणार आहे, म्हणून हे पत्र.

आजोबा सुपारीवर फवारायला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करायचे ते आठवतं ना? पिंपातल्या मिश्रणात सुरीचं पातं बुडवायचे आणि त्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, ‘चुना कमी पडला.’ तू ते पातं पुसून परत परत बुडवायचीस. त्यांच्यासाठी ती चुन्याची परीक्षा होती. तुमच्या शॉपमध्ये तीच लोखंडाची होते. पृष्ठभागावर मोकळं लोखंड राहिलं असेल तर मोरचुदातलं तांबं त्याच्यावर बसतं. एएसटीएम ए९६७ या मानकाप्रमाणे जागा ६ मिनिटं द्रावणाने ओली ठेवायची, धुवायची, तांबं दिसलं नाही की पास.

पण यात स्टीलला गंजापासून वाचवणारा पॅसिव्ह थर कुठे मोजला? तो असतो दोन-तीन नॅनोमीटरचा, आणि त्याच्याबद्दल मोरचूद अवाक्षर काढत नाही. ‘इथे मोकळं लोखंड नाही,’ एवढीच त्याची साक्ष, आणि त्यातला ‘इथे’ मला फार महागात पडला होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका टाकीवर मी प्लेटच्या मधोमध, हात सहज पोचेल तिथे, द्रावण लावलं. झकास पास. ऐन पावसाळ्यात टाकी पंधरा दिवस यार्डात पडून राहिली आणि नोझलच्या वेल्डभोवती तपकिरी कडं उमटलं. त्या वेल्डवर कोणीतरी एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, जॉबवरचा तारेचा ब्रश मारला होता. वेल्डचा निळसर रंगही नीट काढलेला नव्हता. मोरचूद खोटं बोललं नव्हतं, मीच त्याला सोयीच्या जागी विचारलं होतं.

थराची खरी प्रत बघायची तर एक्सपीएस, म्हणजे क्ष-किरणांनी वरच्या थरातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र. मूळ ३१६एल स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंड क्रोमियमच्या सुमारे चौपट असतं. पॅसिव्हेशनमध्ये ॲसिड वरचं लोखंड काढून नेतं, क्रोमियम मागे राहतं. औषध कारखान्यांच्या पायपांसाठी थरातलं क्रोमियम निदान लोखंडाइतकं तरी असावं अशी अपेक्षा धरतात. मात्र त्या यंत्रात टाकी मावत नाही, नमुन्याची पट्टी मावते. पट्टी टाकीबरोबर त्याच ॲसिडमधून गेली असली तरी तिच्यावर ना वेल्ड, ना ब्रशचा ओरखडा. पोटेन्शिओस्टॅटवर मिठाच्या पाण्यात खड्डे कितव्या व्होल्टला पडतात तेही बघता येतं, पण तेसुद्धा पट्टीचंच. पट्टीचा आकडा टाकीच्या नावावर खपवणारे रिपोर्ट मी ढीगभर पाहिलेत. तू तसला लिहू नकोस.

आता तुझी चूक. खाद्यपदार्थाच्या संपर्कात येणाऱ्या पृष्ठभागावर मोरचुदाची टेस्ट करायची नाही, हे त्याच ए९६७ मध्ये लिहिलंय. तू टेस्टचा परिच्छेद वाचलास, खालची अट नाही वाचलीस. टाकी दुधाची आहे, बाई! साहेबांना आजच सांग. रागावतील, रागावू देत. मोरचूद लावलेली जागा धुऊन पुन्हा पॅसिव्हेट करून घे. नंतर साध्या शुद्ध पाण्याने तपास: तासभर ओलं, तासभर कोरडं, असं २४ तास. गंज दिसता कामा नये. ही परीक्षा वेळखाऊ आहे आणि डिस्पॅचवाले कटकट करतील, पण दुधाच्या टाकीला तीच शोभते.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॅसिव्हेशन ओके’ लिहू नकोस. कुठली टेस्ट, किती वेळ आणि कुठल्या जागी, हे लिही. जागा निवडताना पहिली मॅनहोलच्या वेल्डची खालची बाजू घे, जिथे टॉर्च धरून आडवं व्हावं लागतं.

तुझा,
मामा