भूकंपापूर्वीचे अनुदान : किल्लारीने शिकविलेला पाठ

तथागतांनी दुःख सांगितले, तसे दुःखाचे कारणही सांगितले. कारण दूर केले की दुःख दूर होते, ही धम्माची शिकवण होय. भूकंपाकडेही आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे. जमीन हादरणे थांबविणे माणसाच्या हाती नाही. परंतु भूकंपात बहुतेक माणसे मरतात ती स्वतःच्याच घराच्या भिंतीखाली सापडून. आणि भिंत कशी बांधावी, हे मात्र आपल्या हाती आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतील सभासद आणि विद्यार्थी यांनी या प्रश्नाचा विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेख.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला मोठा भूकंप झाला. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्री लोक दमून झोपले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. विशेष म्हणजे त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा दाखविलेला होता. आपला पुणे जिल्हा तर २००२ च्या नकाशात त्याहून वरच्या, म्हणजे तिसऱ्या विभागात दाखविलेला आहे. तेव्हा "आपल्याकडे भूकंप होत नाही" असे म्हणून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

किल्लारीत घरे का पडली? दगड-मातीच्या जाड भिंती, बाहेरचा व आतला थर वेगवेगळा, मध्ये नुसती खडी व माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. वर मातीच्या माळवदाचे ओझे. हादरा बसताच थर सुटले आणि माळवद खाली आले. भीमा व घोड नद्यांच्या काठच्या आपल्या जुन्या गावठाणांतही दगड-मातीच्या भिंती आजही पाहावयास मिळतात.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबविला. तो १९९८ अखेरपर्यंत चालला. त्यात दोन मार्ग होते, ते नीट समजून घेतले पाहिजेत.

पहिला मार्ग स्थलांतराचा. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घराचे क्षेत्रफळ मात्र जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४००, त्याहून अधिक असणाऱ्यांस ७५०. पिढ्यान् पिढ्या ज्यांना जमीन मिळू दिली गेली नाही, त्यांच्या वाट्याला साहजिकच लहान घर आले. पूर्वीच्या झोपडीपेक्षा ते बरे, हे आम्ही मान्य करतो. पण घर माणसांसाठी असते. ते माणसे मोजून द्यावे, एकर मोजून नव्हे.

दुसरा मार्ग दुरुस्ती व मजबुतीकरणाचा. नुकसानीच्या प्रमाणानुसार १७,००० किंवा ३४,००० रुपयांचे अनुदान हप्त्याहप्त्याने देण्यात आले आणि घरमालकाने गवंडी लावून काम स्वतः करून घ्यावयाचे होते. गावोगावी महिला 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. त्यांनी लोकांना योजना व बांधकामाची माहिती समजावून दिली. जेथे लोकांनी स्वतः काम समजून घेतले, तेथे पैशाबरोबर ज्ञानही घरात आले. आमच्या मते हाच खरा धडा होय.

आज परिस्थिती काय आहे? २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के रक्कम धोका कमी करण्याकरिता वेगळी ठेवली. संकटापूर्वी खर्च करावा, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. परंतु हा निधी शासकीय कामांवर खर्च होतो. आपल्या उंबरठ्याशी येणारे अनुदान म्हणजे घरकुलाचे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, तसेच प्रधानमंत्री आवास योजना आहे. ते पैसे भूकंपातही टिकणाऱ्या घरासाठी वापरणे, हेच आपले धोका-निवारण.

याकरिता पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सर्व भिंतींवरून सलग फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा घालावा. रंगरंगोटी मागाहून करता येते, पट्टा मागाहून घालणे कठीण.

२. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड ठरावीक अंतरावर घालावेत व कोपरे एकमेकांत गुंतवावेत.

३. दारे-खिडक्या कोपऱ्याला खेटून ठेवू नयेत.

४. जुन्या माळवदावर दरवर्षी नवी माती चढवू नये. ओझे कमी करावे.

५. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद तपासावी. नोंद नसेल तर अनुदान मागताना अडचण येते. नोंदीत पत्नीचेही नाव असावे.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या वस्तीतील दहा घरे पाहावीत, भिंत कशाची, छत कशाचे, पट्टा आहे की नाही, याची वही करावी आणि ती ग्रामसभेत मांडावी.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेस चालना दिली, ती पुराचे दुःख मुळातून दूर व्हावे म्हणून. संकट आल्यावर मदतीसाठी हात पसरण्यापेक्षा संकटापूर्वी हक्क मागणे, हाच त्यांचा मार्ग. तथागतांनी सांगितलेला अप्रमाद, म्हणजे जागरूकता, याहून वेगळा नाही.

जय भीम!