तेरा वर्षे आणि एक दिवस

आठवीच्या वर्गात एका मुलाच्या वहीत शेजारच्या मुलाची गणिते त्यातील चुकांसकट उतरलेली आढळली. विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितले, "सर, दादा म्हणाला उतरवून घे." चूक दादाची, वही मात्र याची! आठवीचा मुलगा म्हणजे वय सुमारे तेरा. याच वयाविषयी आपल्या कोकणातल्या एका जुन्या समाजाने काय ठरवून ठेवले आहे, ते वाचकांस सांगावे असे त्या दिवशी मनात आले.

सोनागिरीत राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांचे मूळ रायगडकडे आहे, त्यांना 'शनवार तेली' हे नाव आजोबांच्या तोंडून ऐकल्याचे आठवेल. तेलाचा घाणा चालविणारे, पण शनिवारी बैल सोडून ठेवणारे हे लोक म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळ नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. आडनावे गावांवरून : किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. प्रार्थनागृहास ते पूर्वी 'मशीद' म्हणत. मुंबईचे त्यांचे पहिले प्रार्थनागृह सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली बांधले. उपवासालाही ते 'रोजा' म्हणत. मजसारख्या मुसलमान शिक्षकास हे शब्द परके वाटावेत तरी कसे?

पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते. सुंता, शनिवारची विश्रांती, रोजे आणि ईश्वर एक आहे हे सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना, एवढे मात्र त्यांनी सांभाळले. ग्रंथवाचनाची विद्या 19व्या शतकात कोचीनकडील यहुदी शिक्षकांकडून आली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली.

आता मूळ मुद्दा. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे मुलास तेरा वर्षे पूर्ण होऊन एक दिवस झाला की तो 'बार मित्सवा' होतो. शब्दशः अर्थ 'आज्ञेचा पुत्र', म्हणजे आज्ञा ज्याच्यावर बंधनकारक झाल्या तो. समारंभ केला नाही तरी तो होतोच. वय हिब्रू पंचांगाने मोजले जाते. मुंजीने बटूचे शिक्षण सुरू होते. येथे शिक्षणाचा एक टप्पा संपलेला असतो. आमच्यात मूल सात वर्षांचे झाले की त्यास नमाजाची सवय लावतात, पण जबाबदारी बालिग झाल्यावर येते. सवय आधी आणि जबाबदारी मागाहून, हा क्रम दोहोंकडे सारखा.

त्या दिवशी मुलास तोराच्या गुंडाळीपुढे बोलावतात. चर्मपत्रावरील त्या लेखनात स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हेही नसतात. उच्चार व चाल महिनोन्‌महिने घोटून पाठ करावी लागते. चर्मपत्राला बोट लावायचे नाही, दर्शक काठीने ओळ धरायची. अर्थ बदलेल असा शब्द चुकला तर ऐकणारे तेथल्या तेथे दुरुस्त करतात आणि तो शब्द पुन्हा वाचावा लागतो. शिक्षक म्हणून मला हे फार आवडते. चूक सर्वांदेखत सुधारली जाते, पण त्यासाठी मुलास खाली बसवीत नाहीत.

यानंतर बाप एक लहानसे वाक्य उच्चारतो. त्याचा भावार्थ असा की, या मुलाच्या दोषांची शिक्षा आता माझ्यावर नाही, यासाठी ईश्वराचे आभार. प्रथम वाचले तेव्हा हे वाक्य मला कठोर वाटले. पोरापासून सुटका झाल्याचे आभार कोणी मानतो काय? पुढे उमगले की तो पोराला सोडीत नाही, पोराचा हिशेब पोराच्या हाती देतो आहे. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या हाती तो अजून कोणी दिलेला नव्हता.

मुलींना हे वय बारा वर्षांचेच. त्यांच्यासाठी जुन्या रीतीत समारंभ नव्हता, तो अलीकडचा. जबाबदारी एक वर्ष आधी आणि गाजावाजा काहीच नाही! आपल्या घरांतूनही फारसे निराळे घडत नाही, म्हणून अधिक बोलत नाही.

हिशेब हाती आला की रोजचे आचरणही बदलते. सणावाराचे व शनिवारचे दिवस सोडून सकाळच्या प्रार्थनेस दंडावर व कपाळावर 'तेफिलीन' या चामड्याच्या पेट्या बांधावयाच्या. पापक्षालनाचा मोठा उपवास, ज्याला कोकणात 'दारफाळणीचा सण' म्हणत, तो लहानपणी थोड्या तासांचा असतो; आता एका सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत पुरा पाळायचा.

आणि त्याची गणती होऊ लागते. जुन्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. तेरा वर्षांचा मुलगा त्यांत पूर्ण एक धरला जातो. 1948 नंतर बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. आज भारतातील सारे यहुदी मिळून काही हजारच आहेत, आणि कोकणातील जुन्या प्रार्थनागृहांत दहा जण जमविणे कठीण होऊन बसले आहे. मृतासाठी म्हणावयाची 'कद्दिश' ही प्रार्थना दहांवाचून म्हणता येत नाही. नऊ जण बाकांवर बसले आहेत, कोणाच्या तरी वडिलांचा स्मृतिदिन आहे, आणि दहावा म्हणजे शाळेचे दप्तर घेऊन धावत येणारा एक मुलगा. तो येईपर्यंत सारे दाराकडे पाहत थांबतात.