चित्रफीत अडते तेव्हा

प्रस्तावना

मुक्त विद्यालयातून शिकणाऱ्या अनेकांचा वर्ग घरातच भरतो. दिवसभराचे काम आटोपून, मुलाबाळांची निजानीज झाल्यावर रात्री तास-दीड तास हाती लागतो. त्या वेळी संगणकावर पाठाची चित्रफीत लावावी आणि पडदा काळाच राहावा, आवाज यावा पण शिक्षक दिसू नयेत, किंवा त्यांचे ओठ हलून गेल्यावर मागाहून शब्द ऐकू यावेत, असे झाले की तो तास वाया गेलाच. दुसऱ्या दिवशी संगणक दुकानात नेला, तर 'यंत्र जुने झाले, नवे घ्या' असा सल्ला मिळण्याचा संभव असतो. काही वेळा तो सल्ला खराही असतो. मात्र तो खरा केव्हा आणि खोटा केव्हा, हे ग्राहकाला स्वतः पारखता आले पाहिजे. कारण त्यात त्याचे काही हजार रुपये गुंतलेले असतात.

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला चित्रफितीची फाईल कशी बनलेली असते हे सांगता येईल, लक्षणांवरून दोषाचे स्थान ओळखता येईल आणि कोणता उपाय घरी करावा व कोणत्या उपायाच्या वाटेला जाऊ नये, हे ठरवता येईल.

मूळ पाठ

'चित्रफीत' या शब्दातली फीत आता नाहीशी झाली आहे. जुन्या व्हिडिओ कॅसेटमध्ये ती खरोखरच गुंडाळलेली असे. आज संगणकात असतात ते केवळ अंक. हे अंक किती असतात, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच अशा एका चित्रात २०,७३,६०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदवण्यास ३ बाइट धरले, तर एका चित्रास ६२,२०,८०० बाइट लागतात. हालचाल सलग भासावी म्हणून अशी २५ चित्रे दर सेकंदाला दाखवली, तर एका सेकंदाचे साडेपंधरा कोटींहून अधिक बाइट होतात. साध्या डीव्हीडीत सुमारे ४७० कोटी बाइट मावतात. म्हणजे ही चित्रे जशीच्या तशी ठेवली, तर एका डीव्हीडीत जेमतेम अर्ध्या मिनिटाचे दृश्य बसेल!

यावर उपाय म्हणून चित्रे आवळून ठेवली जातात. बातम्या देणाऱ्या निवेदिकेचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. तिच्या मागची भिंत मिनिटभर बदलत नाही. बदलतात ते ओठ, पापण्या आणि थोडीशी मान. तेव्हा एक चित्र पूर्ण नोंदवायचे आणि पुढच्या चित्रांत 'काय बदलले' एवढेच लिहायचे, अशी ही युक्ती आहे. काही काळाने पुन्हा एक पूर्ण चित्र येते. चित्रफीत पाहताना एकाएकी पडद्यावर चौकोन उमटतात, माणसाचा चेहरा भिंतीत विरघळल्यासारखा दिसतो आणि काही क्षणांनी सारे आपोआप ठीक होते, त्याचे कारण यातच आहे. मधला काही मजकूर हरवलेला असतो आणि पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत संगणक चुकीच्या पायावर बदल रचत राहतो.

आवळण्याच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला 'कोडेक' म्हणतात. कोडेक अनेक आहेत. एमपीईजी-१ हा १९९३ सालचा, एच.२६४ हा २००३ सालचा, एच.२६५ हा २०१३ सालचा, तर एव्ही-१ हा २०१८ सालचा. मोडी लिपीतला जुना दस्तऐवज बाळबोध वाचणाऱ्याच्या हाती दिला, तर त्याला तो वाचता येणार नाही. कागद फाटलेला नसतो, वाचणाऱ्याची दृष्टीही अधू नसते. केवळ ती लिपी त्याला अवगत नसते. संगणकाचेही तसेच होते. एच.२६५ पद्धतीने आवळलेली फाईल तो कोडेक नसलेल्या संगणकावर उघडली, तर फाईल आणि यंत्र दोन्ही धडधाकट असूनही पडदा काळा राहतो. २०१७ पासून आयफोनवर ध्वनिचित्रणासाठी हीच पद्धत सुरुवातीपासून निवडलेली असते. इतर अनेक फोनांतही ती निवडता येते. म्हणून फोनवर उत्तम दिसणारी चित्रफीत घरच्या संगणकावर अडते, तेव्हा फोन किंवा संगणक यांपैकी कोणालाही दोष देण्याची घाई करू नये.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. फाईलच्या नावापुढे एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही अशी अक्षरे असतात, ती कोडेकची नावे नव्हेत. ती डब्याची नावे आहेत. या डब्यात चित्र एका कप्प्यात आणि आवाज दुसऱ्या कप्प्यात ठेवलेला असतो. स्वयंपाकघरातल्या डब्यावर 'साखर' लिहिले आहे म्हणून आत साखरच असेल, असे कोणतीही गृहिणी धरून चालत नाही. रवाही असू शकतो. त्याचप्रमाणे एमपी-४ नावाच्या दोन फाईलींत दोन वेगळ्या पद्धतींनी आवळलेली चित्रे असू शकतात. एक दिसेल, दुसरी दिसणार नाही. नावापुढची अक्षरे बदलून फाईल 'सुधारण्याचा' प्रयत्न काही जण करतात. चिठ्ठी बदलल्याने रव्याची साखर होत नाही.

आता निदानाकडे वळू. वैद्य जसा आधी लक्षणे विचारतो, तसे येथेही आधी दोन साध्या परीक्षा कराव्यात. अडलेली फाईल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहावी, आणि अडलेल्या प्लेअरमध्ये दुसरी, पूर्वी नीट चाललेली फाईल लावून पाहावी. या दोन परीक्षांना पाच मिनिटेही लागत नाहीत. पण त्या न करताच अनेक जण प्लेअर काढून टाकण्याच्या आणि संपूर्ण विंडोज नव्याने बसवण्याच्या खटाटोपात शिरतात. फाईल दुसऱ्या प्लेअरमध्ये चालली, तर ती निर्दोष आहे आणि पहिल्या प्लेअरला ती लिपी येत नाही, एवढेच सिद्ध झाले. फाईल कोठेच चालली नाही पण इतर फाईली चालल्या, तर त्या फाईलकडेच लक्ष द्यावे. कोणतीच फाईल कोणत्याच प्लेअरमध्ये चालत नसेल, तरच संगणकाकडे संशयाने पाहावे.

दुसरा प्लेअर म्हणून व्हीएलसी सोयीचा आहे. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून त्याचा उगम झाला आणि २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना विनामूल्य मिळू लागला. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसा नारिंगी-पांढरा शंकू हे त्याचे चिन्ह. बहुतेक कोडेक तो स्वतःबरोबर घेऊनच येतो. त्यामुळे ते वेगळे बसवावे लागत नाहीत. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा.

ही अट महत्त्वाची आहे. 'तुमच्याकडे आवश्यक कोडेक नाही, येथे दाबा' अशी पाटी एखाद्या अनोळखी पानावर झळकते आणि त्रासलेला माणूस ती दाबतो. त्यातून पुष्कळदा कोडेकऐवजी घातक प्रोग्रॅम घरात शिरतो. बँकेचे परवलीचे शब्द चोरण्यापर्यंत त्याची मजल जाते. 'फ्लॅश अद्ययावत करा' ही पाटी तर आज निखालस फसवीच समजावी. अडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेही बंद केले. ज्या वस्तूची निर्मितीच थांबली, तिची नवी आवृत्ती कोठून येणार?

पाठगत प्रश्न १
(अ) फाईलच्या नावापुढची अक्षरे आणि कोडेक यांत कोणता फरक आहे?
(आ) एक फाईल व्हीएलसीमध्ये चालते, पण दुसऱ्या प्लेअरमध्ये चालत नाही. यावरून फाईलविषयी कोणता निष्कर्ष निघतो?

फाईलच सदोष असेल, तर दोष बहुधा ती येताना घडलेला असतो. मूळ फाईल आणि घरी आणलेली प्रत यांचे आकारमान ताडून पाहावे. प्रत लहान भरली, तर ती अर्धवट उतरली आहे आणि पुन्हा घेणे हाच उपाय होय. पेनड्राइव्ह काढताना संगणकाला 'सुरक्षितपणे काढा' अशी आज्ञा द्यावयाची ती याचसाठी. घाईने उपसलेल्या ड्राइव्हवर शेवटचा मजकूर लिहायचा राहून गेलेला असू शकतो. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाईल मावत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबींचा का असेना. लग्नाच्या लांबलचक चित्रणाची प्रत करताना 'जागा पुरत नाही' असे ऐकून बुचकळ्यात पडलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. असा ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने पुन्हा आखता येतो. पण तसे करताना त्यावरचे सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी ते दुसरीकडे ठेवावे.

एक हानी मात्र अधिक दुःखद असते. अनेक फोन एमपी-४ फाईलची अनुक्रमणिका चित्रण संपल्यावर, अगदी शेवटी लिहितात. चित्रण चालू असतानाच बॅटरी संपून फोन बंद पडला, तर चित्रे आणि आवाज साठवलेले असूनही अनुक्रमणिका लिहिली जात नाही आणि फाईल उघडत नाही. आजीचा आवाज असलेले एखादेच चित्रण असे अडकते, तेव्हा रागाने किंवा निराशेने ती फाईल पुसून टाकू नये. त्याच फोनवरच्या दुसऱ्या, चांगल्या फाईलच्या आधारे अनुक्रमणिका नव्याने रचणारे प्रोग्रॅम आहेत. यश दर वेळी येतेच असे नाही, पण फाईल शिल्लक असेल तरच प्रयत्न करता येतो. प्रयोग नेहमी प्रतीवर करावेत, मूळ फाईलला हात लावू नये.

चित्रफीत उघडते पण धक्के खात चालते, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. इंटरनेटवरील चित्रफीत असेल, तर पडद्यावर फिरते चक्र दिसते का, ते पाहावे. चक्र दिसत असेल, तर मजकूर वेळेवर पोहोचत नाही. दोष जोडणीचा आहे. चित्राची प्रत १०८० वरून ४८० किंवा ३६० वर आणावी. फळ्यावरची अक्षरे तेवढ्यातही बहुधा वाचता येतात. चक्र न दिसता चित्र अडखळत असेल, तर मजकूर आलेला आहे, पण तो उलगडताना संगणकाची दमछाक होत आहे. यूट्यूबच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडले, की गाळल्या गेलेल्या चित्रांची संख्या दिसते. ती भराभर वाढत असेल, तर ही शंका पक्की होते.

संगणक का दमतो? सोबत उघडलेली डझनभर पाने हे एक कारण. लॅपटॉप वीज वाचवण्याच्या अवस्थेत असेल, तर तो मुद्दाम सावकाश चालतो. चार्जर जोडून पाहावे. पंख्याच्या जाळीत धूळ साचली असेल, तर उन्हाळ्यात यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. दहा मिनिटे सुरळीत चालून मग अडखळणाऱ्या संगणकाबाबत हा संशय आधी घ्यावा. राहिला प्रश्न यंत्राच्या वयाचा. एच.२६५ उलगडण्याची खास सोय नव्या संगणकांच्या चित्र-चिपमध्येच असते. २०१३ पूर्वीच्या यंत्रात ती नसते, त्यामुळे सर्व भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. दुकानदाराचा सल्ला येथे तेवढ्यापुरता खरा ठरतो. तरीही हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रॅमने तीच चित्रफीत एच.२६४ पद्धतीत बदलून घेता येते. चित्राचा कस किंचित उतरतो आणि जुन्या संगणकाला या कामासाठी कित्येक तास लागू शकतात. पण पाठ पाहण्यापुरते ते पुरेसे असते आणि नव्या यंत्राचा खर्च टळतो.

उलट, चित्र-चिपची सोय असूनही पडदा हिरवा पडतो किंवा आवाज येऊन चित्र काळे राहते, असेही घडते. तेव्हा व्हीएलसीच्या 'टूल्स'मधील 'प्रेफरन्सेस' उघडून, 'इनपुट/कोडेक्स' या भागात हार्डवेअरचे साहाय्य बंद करावे. चित्र आले, तर दोष चित्र-चिपच्या ड्रायव्हरचा आहे. तो निर्मात्याच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा आणि बंद केलेली सोय पुन्हा सुरू करावी. एका वेळी एकच बदल करून तो वहीत टिपून ठेवावा. चार बदल एकदम केले, तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही आणि बिघडलेले पूर्ववत करणेही कठीण होते.

आवाजाच्या तक्रारी त्या मानाने सोप्या. संगणक दूरचित्रवाणी संचाला एचडीएमआय तारेने जोडला, की आवाज पुष्कळदा त्या संचाकडे वळतो. ध्वनीच्या खुणेवर जाऊन योग्य साधन निवडले की काम होते. ओठ आणि शब्द यांचा मेळ चुकत असेल, तर व्हीएलसीमध्ये 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज एका वेळी ५० सहस्रांश सेकंद अलीकडे-पलीकडे सरकवता येतो: उशिरा येणाऱ्या आवाजासाठी 'जे', आधीच येणाऱ्यासाठी 'के'. मात्र अंतर सुरुवातीस थोडे असून पुढे वाढत जात असेल, तर या कळांचा उपयोग नाही. फाईल दुसरीकडून पुन्हा मिळवावी.

भाषाभ्यास

'निदान' हा शब्द मराठीत दोन प्रकारे येतो. 'दोषाचे निदान झाले' या वाक्यात तो नाम आहे. 'निदान प्रत तरी करून ठेवा' या वाक्यात तो 'किमान' या अर्थाचे क्रियाविशेषण अव्यय आहे. पाठातील सूचनांची क्रियापदेही न्याहाळा. 'चार्जर जोडून पाहा' हा आज्ञार्थ, तर 'चार्जर जोडून पाहावे' हा विध्यर्थ. पाठ्यपुस्तकातील सूचना विध्यर्थात शोभतात. घाईत फोनवर सांगताना मात्र आज्ञार्थच तोंडी येतो.

स्वाध्याय

१. 'मोडी लिपी' आणि 'स्वयंपाकघरातील डबा' या दोन दृष्टांतांतून पाठात कोणत्या दोन वेगळ्या गोष्टी स्पष्ट केल्या आहेत, ते सांगा.
२. १२८० × ७२० बिंदूंच्या एका चित्रास, प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरून, किती बाइट लागतील? पाठातील आकड्याशी तुलना करा.
३. परगावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीने फोनवर कळवले आहे, 'मुलाच्या पाठाचा आवाज येतो, पण चित्र दिसत नाही.' तिला क्रमाने कोणते प्रश्न विचाराल आणि काय करायला सांगाल, ते संवादरूपात लिहा.
४. तुमच्या घरच्या किंवा अभ्यासकेंद्रातील संगणकावर एक चित्रफीत दोन प्लेअरमध्ये लावून पाहा आणि आढळलेला फरक पाच-सहा वाक्यांत, विध्यर्थी क्रियापदे न वापरता लिहा.