फॉरमॅट मारायच्या आधी माझं ऐक

अगं राणी, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, तू पार वैतागली आहेस. दिवाळी अंकाची पानं लावायला बसलीस की मधेच माऊसचा बाण जागच्या जागी खिळतो, गाणं लावलेलं असलं तर एकच सूर घर्रर्र करत राहतो, आणि पाच-दहा सेकंदांनी सगळं आपसूक सुटून पुढे चालू लागतं. कधी दिवसभर काहीच नाही, कधी तासाभरात तीनदा. दुकानातला मुलगा म्हणतोय, "मॅडम, फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो, मशीन पळेल." त्याला हो म्हणू नकोस. निदान दोन-चार दिवस तरी नको.

पूर्ण बंद पडणारं, निळा पडदा दाखवणारं किंवा आपोआप रीस्टार्ट होणारं मशीन वेगळं आणि तुझं वेगळं. तुझं अडकतं आणि सुटतं. म्हणजे ते कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतं. बँकेत काउंटरवरची बाई साहेबांच्या सहीसाठी आत गेली की अख्खी रांग थांबते ना, तसं. रांगेतल्या कुणाचा दोष नसतो, सही कुठे अडकली ते शोधायचं असतं. संगणकात ही सही बहुतेक वेळा डिस्ककडे अडकलेली असते. म्हणून सगळ्यात आधी बॅकअप. तपास, सफाई, स्कॅन, काहीही करायच्या आधी. तुझी सगळी पानं, फॉन्ट, ग्राहकांच्या फायली, जीएसटीची बिलं, पोरांचे फोटो एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे आणि ती डिस्क काढून कपाटात ठेव. कॉपी करताना एखाद्या फोल्डरवर मशीन पुन्हा पुन्हा अडलं, तर तो फोल्डर सोडून बाकीचं आधी घे. त्याच्याशी नंतर झुंजता येईल. आणि कुणी "चेकडिस्क लाव" असं सुचवलं तर तेही बॅकअप झाल्यावरच. खराब जागा शोधायला लावली तर ती तपासणी अख्खी डिस्क इंचाइंचानं वाचते, आणि डिस्क आधीच खिळखिळी असेल तर एवढ्या श्रमानंच ती मान टाकू शकते.

फॉरमॅटला माझा विरोध का, तेही सांगते. फॉरमॅट मारल्यावर खरंच काही दिवस बरं चालतं, म्हणून तर सगळे त्याचं नाव घेतात. पण डिस्कवरचा काही भाग खराब झालेला असेल तर नवीन विंडोजच्या फायली योगायोगानं दुसऱ्या, चांगल्या जागी बसतात. डिस्क भरत जाते, कामाच्या फायली पुन्हा त्या खराब भागावर जाऊन पडतात आणि दुखणं परत सुरू. तोवर दुकानाचे पैसे गेलेले, तुझी जुनी सेटिंग्ज गेलेली, आणि खराब डिस्क मात्र तशीच आत.

बॅकअप झाला की टेबलावर एक वही ठेव. मशीन अडकलं की वेळ लिही, अगदी मिनिटापर्यंत. त्याबरोबर काय करत होतीस, माऊस हलत होता का, आवाज येत होता का, तेही. अडकलेलं असतानाच कॅप्स लॉक दाबून बघ. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आत जागं आहे, अडचण पडद्याची किंवा एखाद्या प्रोग्रामची असू शकते. दिवा हूं की चूं करत नसेल तर गाठ खोल आहे. हे लिहिणं कंटाळवाणं वाटेल, पण याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही, कारण विंडोजही आत स्वतःची नोंदवही ठेवत असतं. दोन्हींतल्या वेळा जुळवायच्या.

ती नोंदवही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टवर राईट क्लिक केलंस की यादीत दिसेल. आत विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उघडल्यावर लाल-पिवळ्या खुणा बघून घाबरू नकोस, धडधाकट मशीनमध्येही त्या ढिगानं असतात. तू फक्त तुझ्या वहीतल्या वेळेजवळ जा. तिथे डिस्कच्या नावानं १५३ क्रमांकाची नोंद असेल तर विंडोजला डिस्ककडे तीच मागणी पुन्हा करावी लागली, असा तिचा अर्थ. १२९ असेल तर उत्तराची वाट बघून थकलेल्या विंडोजनं डिस्कची जोडणीच रीसेट केली. क्रमांक ७ असेल तर डिस्कवर खराब जागा सापडली आहे. यातली एखादी नोंद तुझ्या वेळेशी दोन-तीनदा जुळली की निम्मं काम झालं समज. नोंदींचा हा पसारा डोईजड वाटला तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोध. दिवसवार आलेख येतो आणि कुठल्या तारखेपासून बिघडलं ते एका नजरेत दिसतं. त्या तारखेला काही नवीन टाकलं होतंस का, कुठला अपडेट आला होता का, ते आठव.

आता डिस्कचंच बोलू, कारण मला तिचाच संशय जास्त आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते त्याच्या मूळ साइटवरूनच उतरव. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी माहिती ठेवते ती ते वाचून दाखवतं. वरच्या निळ्या 'गुड'वर समाधान मानू नकोस, खालच्या ओळी बघ. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा, आणि करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून लटकलेल्या जागा. दुसरा आकडा शून्याच्या वर असेल तर तुझ्या अडकण्याचं कारण बहुधा तेच. घरगुती हार्ड डिस्क अशी जागा वाचायचा प्रयत्न सहजी सोडत नाही, कित्येक सेकंद पुन्हा पुन्हा वाचून बघते. सर्व्हरसारख्या कामासाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात, तुझ्या डिस्कला तशी मुदत घातलेली नसते. तेवढा वेळ तू खिळलेल्या बाणाकडे बघत बसतेस. हा आकडा वाढत चालला असेल तर नवीन डिस्क घे, त्यात घासाघीस नको. आणि घेशील तर एसएसडीच घे.

पण तिसरी एक ओळ आहे, सीआरसी एरर काउंट. बाकी सगळं ठीक आणि हाच आकडा चढत असेल, तर डिस्कला बोल लावायच्या आधी केबल बघ. यूपीएसपासून प्लग काढ, कॅबिनेटचं डावं झाकण उघड, आतल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ दे. मदरबोर्डपासून डिस्कपर्यंत जाणारी चपटी, बऱ्याचदा लाल रंगाची पट्टी म्हणजे साटा केबल. असेंबल केलेल्या मशीनमध्ये ती कितीदा तरी झाकणाखाली दाबून काटकोनात मुडपलेली असते, किंवा तिच्या टोकाला क्लिपच नसते आणि पंख्याच्या थरथरीनं ती तसूभर बाहेर सरकलेली असते. नवी, क्लिपवाली केबल आण, मदरबोर्डवरच्या दुसऱ्या साटा पोर्टात लाव, आणि डिस्कची विजेची पिनही घट्ट बसव. सीआरसीचा जुना आकडा मात्र कधीच खाली येत नाही. तो वहीत लिहून ठेव, आठवडाभर तेवढाच राहिला म्हणजे केबलच दोषी होती.

तुझ्याकडे विंडोजसाठी एक आणि जुन्या अंकांसाठी दुसरी अशा दोन डिस्क आहेत ना? मग एक अगदी निरुपद्रवी कारणही असू शकतं. विंडोजच्या नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये न वापरलेली हार्ड डिस्क २० मिनिटांनी झोपवायची सोय असते. तू 'सेव्ह अ‍ॅज' दाबलंस की ती चौकट सगळ्या डिस्कना हाक मारते, झोपलेली डिस्क फिरून वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढा वेळ प्रोग्राम गप्प. कान देऊन ऐक, अडकतं त्याच वेळी कॅबिनेटमधून घूंऽऽ असा वेग घेणारा आवाज येत असेल तर हेच आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये ती वेळ शून्य कर, संपलं. एक पैसा खर्च नाही.

माऊस हलतो, बाकी सगळं चालतं, फक्त कोरल किंवा वर्डच थिजतं, असं वहीत आलं तर डिस्क सोड आणि प्रिंटर बघ. तुम्हा डीटीपीवाल्यांकडे हे फार होतं. डीफॉल्ट प्रिंटर नेटवर्कवरचा असतो, तो बंद असतो, आणि प्रोग्राम पानाचा आकार विचारायला त्याच्याकडे जाऊन ताटकळतो. दोन दिवस 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करून काम करून बघ. पूर्वी जोडलेला आणि आता अस्तित्वातच नसलेला नेटवर्क ड्राइव्हही असाच खोळंबा करतो. तो असेल तर काढून टाक.

आणि पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल तर ग्राफिक्सचं प्रकरण आहे. ग्राफिक्स चिपनं २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिचा ड्रायव्हर स्वतःच पुन्हा सुरू करतं आणि ४१०१ क्रमांकाची नोंद लिहितं. अशा वेळी ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचा. तुझी सगळी साधनं शोधून ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरना आणि 'पीसी क्लीनर'ना घरात घेऊ नकोस. त्यांनी बरी झालेली मशीन मी पाहिलेली नाहीत.

तुझं मशीन एएमडी रायझनचं आहे, म्हणून एक खास गोष्ट. २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आलं आणि त्यासाठी टीपीएम नावाची सुरक्षेची सोय सक्तीची झाली. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती आतच असते. मग लोकांची चांगली, नवी मशीन मधेच क्षणभर अडखळायला लागली, आवाज तुटायला लागला. मार्च २०२२ मध्ये एएमडीनं स्वतःच कबूल केलं, की काही मशीनमध्ये ही सोय मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपशी लांबलचक देवाणघेवाण करत बसते आणि तेवढा वेळ संगणक थांबतो. उपाय म्हणून बायोसचा अपडेट निघाला, त्यातल्या एएमडीच्या भागाची, म्हणजे एजीसाची, आवृत्ती १२०७ किंवा पुढची हवी. तुझा बोर्ड त्याआधीचा असेल आणि बायोसला कुणी हातच लावला नसेल, तर डिस्क निर्दोष निघाल्यावर हे करून घे. बायोस अपडेट होताना वीज जाता कामा नये, तेव्हा यूपीएसची बॅटरी धड असल्याशिवाय आणि लाइट जायच्या वेळेत हे करू नकोस. डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर चालू असेल तर आधी तो तात्पुरता थांबव आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, नाहीतर मशीन सुरू होताना ती मागेल आणि तू दाराबाहेर.

रॅम काढून खोडरबरानं पुसून परत बसवायचा सल्लाही मिळेल. दमट हवेत त्यानं कधी कधी फरक पडतो, पण रॅम बिघडली की बहुधा निळा पडदा येतो किंवा मशीन रीस्टार्ट होतं. अडकून आपोआप सुटणं हे तिचं लक्षण नव्हे. उष्णतेचंही तेच, धुळीनं पंखा तुंबला की मशीन सगळंच संथ होतं, दहा सेकंद खिळून परत पळत नाही. धूळ साफ कर जरूर, त्यातून चमत्काराची अपेक्षा नको.

एका वेळी एकच बदल कर, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस वही चालू ठेव. केबल, ड्रायव्हर, बायोस सगळं एकाच दुपारी उरकलंस तर बरं कशानं वाटलं ते कधीच कळणार नाही. कशानंच उलगडलं नाही तर उबुंटूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून चालव, काही इन्स्टॉल न करता. 'ट्राय' म्हण आणि तासभर त्यात वावर, जुन्या डिस्कवरच्या फायलीही उघडून बघ. तिथेही अडकलं तर हार्डवेअर. तिथे लोण्यासारखं चाललं तर विंडोजच्या आतलं काहीतरी, आणि मग फॉरमॅटचा विचार करायला माझी ना नाही.

दुकानात जायची वेळ आलीच तर वही आणि क्रिस्टलडिस्कइन्फोच्या पडद्याचा फोटो घेऊन जा. "हँग होतं" एवढंच सांगू नकोस, "या या वेळी अडकलं, १२९ ची नोंद आहे, केबल बदलून झाली" असं सांग. त्या मुलालाही त्यातून नेमकं काय बघायचं ते कळेल. आणि बॅकअप आज रात्रीच घे, अंकाचं काम संपल्यावर नाही. डिस्क एकदा वाचेनाशी झाली की आतलं परत काढून देणाऱ्यांचं बिल नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतं, आणि तेवढे पैसे मोजूनही सगळं मिळेलच असं कुणी लिहून देत नाही.